शिवलीलाला मॅनेजर कशाला पाहिजे

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी

मल्लप्पाच्या दुकानातली जुनी डायरी घेतली. दोन वर्षं मागची हाय. वार जुळत न्हाईत म्हणून खोडून हातानं लिहिते. आजपासून रोज लिहायचं ठरवलं. मोठी माणसं लिहित्यात.

घरात काम तसंच निघालंय. आमची शिवलीला, म्हणजे माझ्या मल्लप्पाची पोरगी, ऑक्टोपॅड वाजवती. पाटासारखं चौकोनी असतंय. वर आठ खण. काठीनं मारलं की एका खणात हलगी, एकात ढोलकी, एकात काच फुटल्याचा आवाज. लहानपणी ज्वारीच्या डब्यावर उलथनं बडवायची, तवाच मी म्हणलं होतं, ही पोरगी नाव काढंल. डबा चेपला म्हणून एक धपाटा पण घातला होता, पण ती गोष्ट निराळी.

यंदा गणपतीत तिनं मंडळापुढं वाजवलं. कुणीतरी मोबाईलवर काढलं. दोन लाख लोकांनी बघितलं! माझ्या लग्नात वळसंगला दोनशे माणूस होतं, त्यातलं निम्मं मानपानाचं भांडण बघायला थांबलेलं.

तवापासून फोनच फोन. शिवलीला कानाला हेडफोन लावून बडवत बसती, फोन फ्रिजवर चार्जिंगला. मग घेणार कोण? मी.

आज भाकरी खाता खाता म्हणाली, अज्जी, मला आता मॅनेजर ठेवावा लागंल. मला वाटलं चेष्टा. न्हाय, खरंच. पुण्यात कोण अंकिता म्हणून हाय, तीन कलाकारांचं काम बघती. उद्या बघायला येणार. बघायला येणार म्हणल्यावर मी सुनेला, श्रीदेवीला, पोहे आणायला सांगितलं.

निश्चय: उद्या कमी बोलायचं.

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी

अंकिता येऊन गेली. मी कमीच बोलले. तीन तास.

पोरगी बरी हाय. मूळची वैरागची निघाली. म्हणलं, कुणाची गं तू? बाप काय करतो? भाऊ किती? पुण्यात कुणाच्यात राहतीस? स्वयंपाक येतो का? श्रीदेवी मला कोपरानं ढोसत होती. तिला पोहे बशीत वाढायचं सोडून ढोसायचंच सुचतंय. मग मी अंकिताला म्हणलं, जरा त्या माठातलं पाणी आण बघू. उठली, नीट चालत गेली, नीट आणलं. चालणं चांगलं हाय.

पण शेंगाची चटणी खाल्ली न्हाय. अ‍ॅसिडिटी होती म्हणे. सोलापुरातल्या कलाकाराचा मॅनेजर आणि शेंगाची चटणी चालत न्हाय. तितंच नापास.

मग मी सरळ इचारलं, तू करणार काय? म्हणाली, फोन घेणार, तारखा ठरवणार, लोकांशी गोड बोलणार, नको त्या कामाला नाही म्हणणार. त्याबद्दल शंभर रुपयांतले वीस तिचे. मी म्हणलं, एवढंच? हे मी या घरात पन्नास वर्षं करते की.

एक गोष्ट मात्र खरी कामाची बोलली. महेश्वर सर म्हणून एकजण हायेत. त्यांचा मोठा ऑर्केस्ट्रा डिसेंबरच्या शेवटी सहा गावांच्या दौऱ्यावर निघणार. त्यांना पॅडवाला पाहिजे. शिवलीलाचं त्यांनी मोबाईलवर बघितलंय, आता समोर ऐकायचंय. शिवलीला मांडीवर बोटं वाजवायला लागली. ती बोटं वाजवायला लागली की समजायचं, आत लई चाललंय. कारण मल्लप्पानं सांगून ठेवलंय, नवीन वर्षापर्यंत बघ काय जमतंय, न्हायतर दुकानात टॉवेलची बिलं करायला बस. बीकॉम झालीस, काय उपयोग?

शिवलीलानं अंकिताला सांगितलं, १ डिसेंबरला कळवते.

मी पण ठरवलं. मॅनेजर लागतच न्हाय. मीच हाय. कुणाला सांगितलं न्हाय अजून. काम बघून कळंल.

५ नोव्हेंबर, बुधवार

मॅनेजर म्हणून पहिला फोन. होटगीकडचा माणूस. हळदीला पॅड पाहिजे, २० तारखेला. मी पंचांग काढलं. २० ला अमावस्या!

आता माझं पंचांग म्हणजे गल्लीत सगळ्यांना ठावं हाय. मी चौथी शिकले, ती पण वळसंगच्या कानडी शाळेत. मराठी अक्षर लग्नानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिकले. त्यामुळं मला दुसरं काय वाचता येवो न येवो, तिथी वाचता येती. कुणाला बोअर पाडायचा असू दे, स्कूटर आणायची असू दे, आधी शांतम्माकडं येणार.

मी त्याला म्हणलं, अहो, अमावस्येला हळद? कुणी सांगितलं? म्हणाला, त्या दिवशी हॉल स्वस्तात मिळतो. मी म्हणलं, मिळणारच. मग त्याला आमच्या चुलत जावेच्या भाच्याची गोष्ट सांगितली. अर्धा तास लागला. पोटी तीन पोरं असून काय फायदा, असा शेवट हाय त्या गोष्टीचा. माणूस गार पडला.

सायंकाळी त्याच्या आईचा फोन. रडत होती बिचारी. बरं झालं बाई सांगितलंत, तारीख बदलली. नव्या तारखेला दुसरा हॉल घेतलाय, तितं हॉलवाल्याचाच बँड लावावा लागतो.

म्हणजे प्रोग्राम गेला. पण एक संसार वाचला. अंकिताला जमलं असतं हे?

८ नोव्हेंबर, शनिवार

माझा धाकटा भाऊ नागप्पा वळसंगहून आला. हुरडा अजून धरला न्हाय म्हणून मोकळ्या हातानं आला, तरी दोन भोपळे आणलेच. घर बांधलंय त्यानं. वास्तूला शिवलीलाचं पॅड पाहिजे म्हणतो. अक्का, गावात अजून कुणी पॅड समोरनं बघितलं न्हाय, म्हणाला. मी म्हणलं, अरे, मागतोस काय? घरचंच हाय की. घरच्यांकडनं काय घ्यायचं?

त्यानं इचारलं, कधी मोकळी हाय पोरगी?

मी पंचांग उघडलं. ३० तारीख. मार्गशीर्ष शुद्ध दशमी, रविवार. नक्षत्र, योग, सगळं सोन्यासारखं. असा दिवस सारखा येत न्हाय. ३० पक्की.

मॅनेजरनं एका मिनिटात तारीख द्यायला पाहिजे. मी अर्ध्या मिनिटात दिली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत श्रीशैलची टॉवेलची फॅक्टरी हाय. मल्लप्पा त्याच्याकडनंच माल घेतो. त्यानं नवीन शेड घातली. नवे माग बसवले. उद्घाटनाला शिवलीला पाहिजे. आणि नीट पैसे देणार म्हणतो, फुकट न्हाय. म्हणाला, आज्जी, चांगला दिवस तुमीच सांगा, तुमच्या हाताला यश हाय.

असं म्हणल्यावर मी काय वाईट दिवस सांगणार?

३० तारीख.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारची गोजरबाई आली. नातू झालाय तिला. तिचं तोंड लई फाटकं. दारातनंच म्हणती, पोरगी पाट बडवती अन् आज्जी फोन बडवती, झालं घर मोठं. पण बारशाला पॅड पाहिजेच! मी मुद्दाम थोडी थांबले. म्हणलं, बघावं लागंल, बुकिंग लई हायेत. ती म्हणाली, बघ की मग, चष्मा कुटंय तुझा? पंचांग बघितलं. बाळाला तर दशमीच लाभती.

गोजरबाईला ३० दिली. जाताना माझ्या हळदीचं लोणचं मागून घेऊन गेली. मॅनेजरला असं सगळ्यांशी गोड राहावं लागतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी

एक चूक लक्षात आली. मी सगळ्यांना हो म्हणते. अंकिता म्हणाली होती, नको त्याला नाही म्हणणं हे पण काम असतंय. म्हणून निश्चय: आज पहिला फोन येईल त्याला न्हाय म्हणायचं. कुणी का असंना.

तोच दिवस. दुपारी

पहिला फोन महेश्वर सरांचा.

त्यांनी नाव सांगितलं आणि मी उठून उभी राहिले. पण निश्चय म्हणजे निश्चय. सर म्हणाले, मी २० तारखेला सोलापुरात आहे, शिवलीलाचा प्रोग्राम ऐकायचाय. २० तारीख! तीच अमावस्या! म्हणजे न्हाय म्हणायला कारण पण मिळालं. मी म्हणलं, न्हाय. अमावस्येला आमची पोरगी नवीन काम धरत न्हाय. सर म्हणाले, मग कधी?

मी म्हणलं, तीस.

म्हणाले, ठीक आहे, तीसला येतो.

मोठ्या माणसाला तारीख बदलायला लावली! मॅनेजर असा पाहिजे. आनंदानं पुरणाच्या दोन होळग्या जास्त खाल्ल्या. श्रीदेवी म्हणाली, अत्ती, डॉक्टरनं काय सांगितलंय? मी म्हणलं, आज डॉक्टरचं न्हाय, आज माझं चालतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सहज सगळी बुकिंगं एका पानावर लिहून काढली.

वळसंग, नागप्पाची वास्तू. ३०.
एमआयडीसी, श्रीशैलची शेड. ३०.
गोजरबाई, बारसं. ३०.
महेश्वर सर. ३०.

तीनदा बघितलं. चष्मा पुसून बघितलं. मग देवघरात जाऊन आले आणि परत बघितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कालच्या रात्री झोप लागली न्हाय, पण पहाटे मार्ग सुचला. मी उगाच घाबरले. लग्नाच्या दिवसांत आमी काय करतो? एकाच तिथीला सात लग्नं असत्यात. म्हणून कुणी घरी बसतं का? सकाळी एकाच्या अक्षता टाकायच्या, रिक्षात बसायचं, दुसरीकडं टाकायच्या, नवरा-नवरीला तोंड दाखवायचं, तिसरीकडं जेवायचं. मी एका दिवसात पाच लग्नं केल्याली हायेत, तीबी हे जिवंत असताना, त्यांचा गुडघा धरलेला असताना. एकाच मांडवात आमाला नवरी कोणती ते कळलं न्हाय, बाकी सगळं नीट झालं.

तसंच करायचं. सकाळी वळसंगला दहा मिनिटं वाजवायचं. दोनला एमआयडीसीत. महेश्वर सरांना पण तितंच बोलवायचं, म्हणजे एका दगडात दोन. साडेपाचला बारसं. लई झालं.

शिवलीलाला आत्ताच सांगायचं न्हाय. कलाकाराच्या डोक्याला ताप द्यायचा न्हाय, हेच मॅनेजरचं काम.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अंकिताचा फोन. मीच घेतला. आवाज गोड हाय पोरीचा. म्हणाली, आजी, महेश्वर सरांचं काही कळलं का? मी म्हणलं, ठरलं की, तीसला. तिला धक्का बसला. म्हणाली, अरे वा, तीसला शिवलीलाचा प्रोग्राम कुठं आहे?

मी म्हणलं, सगळीकडं.

मला तिची दया आली. एवढ्या लहान वयात पुण्यात राहून मॅनेजर व्हायचं, आणि एक म्हातारी घरबसल्या पुढं निघून गेली. म्हणलं, बाई, अ‍ॅसिडिटीला जिऱ्याचं पाणी घे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

लई चांगली वेळ बघून सांगितलं. शिवलीला चहा पीत होती, हेडफोन गळ्यात होता. मी आधी म्हणलं, पोरी, तुझं नशीब लई मोठं. मग एक एक करून चारी सांगितली. ती पहिल्याला हसली, दुसऱ्याला म्हणाली बरं, तिसऱ्याला म्हणाली, अज्जी, थांब. चौथ्याला तिनं कप खाली ठेवला आणि खाली फरशीवर बसली. फरशीवर का बसली ते कळलं न्हाय, खुर्ची मोकळी होती.

म्हणाली, अज्जी, पॅड एक हाय, स्पीकर एक हाय, मी एक हाय.

मी म्हणलं, आणि रिक्षा मी सांगितलीय.

मग ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. श्रीदेवी आतनं पळत आली. मला म्हणाली, अत्ती, केलंत काय तुमी? मी काय केलं? तिथी चांगली, एवढंच बघितलं. मल्लप्पा दुकानातनं आला, सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, अव्वा, तो फोन फ्रिजवरनं काढा, उंच कुटंतरी ठेवा. मल्लप्पा असाच. त्याला दुकानाचं टेन्शन असतंय.

शिवलीला मग डोळे पुसून उठली. म्हणाली, एक रद्द करू या. कुणाला सांगू? नागप्पा माझा भाऊ. श्रीशैल मल्लप्पाचा व्यापारी. गोजरबाई रोज दारात. महेश्वर सर तर महेश्वर सर. कुणालाच सांगता येईना. म्हणजे माझ्या अक्षतांच्या मार्गावरच सगळे आले.

ती म्हणाली, बरं, करते. माझ्याकडं बघितलं न्हाय. डोक्यात चाल बसवत असंल.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६

अंघोळ झाली. विभूती लावली. रिक्षावाला आला. स्पीकर पुढं, पॅड मांडीवर, शिवलीला आणि मी मागं. आकाश निरभ्र. दिवस म्हणजे दिवस हाय.

सकाळी १० वाजून काही

वळसंग. स्वामी आले न्हाईत. पूजा सुरू न्हाय. नागप्पा रस्त्यावर उभा. स्वामींना आज पाच वास्तू हायेत, आमची चौथी. त्यांनी पण पंचांग बघितलं असणार! माझा दिवस बरोबरच होता म्हणजे.

सकाळी ११:४०

स्वामी आले. पूजा झाली. शिवलीलानं दहा मिनिटं वाजवलं. गाव सोडंना. पोरं म्हणत्यात परत, बाया म्हणत्यात परत, सरपंच म्हणतो आता तो काच फुटल्याचा आवाज काढा. मी म्हणलं, चला, पुढं जायचंय. नागप्पा म्हणाला, अक्का, न जेवता माझ्या नव्या घरातनं निघालीस तर मी परत तुझ्या दारात येणार न्हाय. आता यावर काय बोलणार. पंगतीत बसलो. शिवलीला घड्याळाकडं बघत खीर पीत होती.

दुपारी ३:१५

एमआयडीसी. सव्वा तास उशीर. महेश्वर सर दोनपासून आलेले. पांढरे बूट घातलेत त्यांनी, बिचाऱ्यांना माहीत न्हाय हितं कापसाची धूळ असती. धुळीनं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, म्हातारे होऊन बसलेले. हातात रुमाल, नाकाला.

आणि माग चालू! मुहूर्तावर चालू केले, आणि श्रीशैलच्या आईचा नवस हाय, सिद्धेश्वराला वाहायचा पहिला टॉवेल उतरेपर्यंत माग बंद करायचे न्हाईत. मुहूर्त सांगणारी मीच. चोवीस माग एकदम, खटाखट खटाखट. शिवलीलानं पॅड लावलं, वाजवायला लागली. काठ्या हलत होत्या, आवाज शून्य. श्रीशैल माझ्या कानात ओरडून म्हणाला, आज्जी, वाजतंय ना? मी ओरडून म्हणलं, लई भारी!

दहा मिनिटं असंच. सर उठायला लागले. पोरगी दुकानात बिलं करती असं डोळ्यापुढं दिसलं, खरं सांगते.

मग शिवलीला थांबली. काठ्या खाली ठेवल्या. मला वाटलं संपलं. ती डोळे मिटून मागांकडं तोंड करून उभी राहिली. बघत न्हाय, नुसती ऐकत. आणि मग परत काठ्या घेतल्या आणि मागाच्या खटाखटच्या मध्ये, जितं जरा जागा असती तितं, मारायला लागली. एक. मग दोन. माग खट म्हणणार, ही टक म्हणणार. मागावरचे कामगार मान वर करून बघायला लागले. एकजण तर पाय हलवायला लागला, त्याच्यावर मुकादम ओरडला, आणि मग मुकादम पण हलवायला लागला.

तेवढ्यात पहिला टॉवेल उतरला. श्रीशैलनं माग बंद केले. सगळं शांत. आणि पॅड तसंच चालू, मागासारखंच खटाखट, जणू माग तिच्या हातात आलेत. सरांनी नाकाचा रुमाल काढला तो परत लावलाच न्हाय.

दुपारी ४:३०

सर म्हणाले, दौऱ्याला चल.

मी असं उगाच लिहित न्हाय, खरंच म्हणाले. शिवलीलानं माझा हात एवढा दाबला की अंगठी बोटात रुतली.

मग सर म्हणाले, पुढचं बोलायला हिचं काम कोण बघतं? मी पदर सारखा केला आणि पुढं झाले. म्हणलं, मी. सर म्हणाले, वा. आणि त्यांच्या हातातला चहाचा रिकामा कप माझ्या हातात दिला, आणि शिवलीलाला म्हणाले, तुझ्या मॅनेजरला फोन करायला सांग, माझी माणसं मॅनेजरशीच बोलतात. आधी ठरवताना झाला तसा तारखेचा गोंधळ नको.

आधीचं ठरवणारी मीच होते हे त्यांना ठावं नसणार. आवाज मोठा होता तितं.

संध्याकाळी ७

गोजरबाईचं बारसं आटपलेलं. बाळ झोपलेलं. नाव ठेवलं युवराज. दारात गोजरबाई. या मॅनेजरबाई, म्हणाली, घुगऱ्या संपल्या, पाणी देऊ का? शिवलीलानं माफी मागितली, बाळाच्या हाताला बोट लावलं. गोजरबाईला मोठ्या कामाची कल्पना न्हाय.

१ डिसेंबर, सोमवार

उपवास. शिवलीलानं अंकिताला फोन केला. गच्चीवर जाऊन. फोन फ्रिजवर न्हाय आता, तिच्याकडंच असतो.

खाली आली आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, अज्जी, अंकिताला हो म्हणलं. मी म्हणलं, बरं केलंस. म्हणाली, तुला वाईट वाटलं? मी म्हणलं, मला कशाला? उलट मीच सांगणार होते. सहा गावं म्हणजे काय चेष्टा न्हाय, प्रत्येक गावाचं पंचांग मी कुटं बघत बसू. शिवाय माझे गुडघे.

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. म्हणाली, अज्जी, माग ऐकायला तूच घेऊन गेलीस. हे बघा, कबूल केलं. तिच्या तोंडून.

मल्लप्पा संध्याकाळी, दुकानात बिलं करायला एक मुलगी बघतो म्हणाला. म्हणजे शिवलीलाची जागा मोकळी झाली. मला एवढा आनंद झाला की मी उपवास सोडला आणि मग लक्षात आलं.

निश्चय: अंकिता येईल तवा कारभार रीतीनं तिच्या हातात द्यायचा. नवी सून आली की सासू किल्ल्या देती, तसं. नारळ, खण, विभूती. आणि कुणाकुणाशी कसं बोलायचं ते एका कागदावर. श्रीशैलच्या आईला आधी तब्येत इचारायची, नागप्पाकडं जेवल्याशिवाय उठायचं न्हाय, गोजरबाईचं मनावर घ्यायचं न्हाय. दोन पानं झाली.

४ डिसेंबर, गुरुवार. दुपारी

अंकिता आली. शिवलीला आणि ती हॉलमध्ये बसल्या. अंकितानं करार आणलेला, लई पानं. मी आत ताट लावत होते. नारळाची शेंडी नीट केली. खणाची घडी घातली. माझा कागद खणाखाली ठेवला.

ताट घेऊन दाराशी आले. अंकिता कागदावर लिहित होती. नाव झालं, पत्ता झाला. म्हणाली, आधीचा मॅनेजर? इथं लिहावं लागतं.

शिवलीला मोबाईलवर दौऱ्याचं काय बघत होती. मान वर न करता म्हणाली, कुणी न्हाय, ही पहिलीच वेळ.

अंकितानं एक रेघ ओढली.

तिचं पण बरोबर हाय. रकाना लई लहान होता, मी बघितला. त्यात शांतम्मा बसलं नसतं.

ताट घेऊन उभी राहिले ते दोघींनी बघितलं. आत तरी कसं जाणार परत. अंकिताला पाटावर बसवलं, विभूती लावली, नारळ दिला, खण दिला. कागद काढून घेतला. ती म्हणाली, आजी, हे कशाबद्दल?

मी म्हणलं, असंच गं, पहिल्यांदा आमच्या घरी आलीस.

ती म्हणाली, आजी, मी दुसऱ्यांदा आले.

मी म्हणलं, व्हय की.